घोडा हाताशी होता म्हणून

पटावर चारच मोहरे उरले होते: दोन राजे आणि दोन घोडे. प्यादं एकही नाही. अशी स्थिती बघून बुद्धिबळ येणारा कुणीही सांगेल की डाव बरोबरीत. पंचांनीही तेच सांगितलं. पण काळ्या बाजूचा वेळ संपलेला होता, आणि तेवढ्या एका गोष्टीवरून निकाल थोड्याच वेळात उलटला. जी पुढच्या फेरीत गेली असं वाटत होतं तिला सामान आवरावं लागलं, आणि जिचं आव्हान संपल्याचं जाहीर झालं होतं ती पुढे गेली.

हा डाव 2008 सालच्या महिला विश्वविजेतेपद स्पर्धेतला, रशियातल्या नालचिक शहरातला. पांढऱ्या मोहऱ्यांनी पोलंडची मोनिका सोचको खेळत होती, काळ्या मोहऱ्यांनी रोमानियाची साबिना-फ्रांचेस्का फॉइशोर. डावातल्या चालींबद्दल कुणी बोलत नाही. शेवटाबद्दल मात्र पंच आणि प्रशिक्षक आजही बोलतात, कारण बुद्धिबळाच्या नियमावलीतलं एक वाक्य तिथे खऱ्या अर्थाने कसाला लागलं. माझ्या मते त्या वाक्याने दिलेला निकाल बरोबर होता. तो अनेकांना अन्यायाचा वाटतो तो नियमामुळे नव्हे, तर ज्या पद्धतीने त्या दोघींना तिथवर आणून सोडलं त्या पद्धतीमुळे.

नालचिकपर्यंत

नालचिक ही काबार्डिनो-बाल्कारिया या प्रजासत्ताकाची राजधानी, कॉकेशस पर्वताच्या उत्तर अंगाला. स्पर्धा ऑगस्टच्या अखेरीस सुरू झाली, आणि त्याच महिन्यात रशिया आणि जॉर्जिया यांच्यात युद्ध झालं होतं. महिलांच्या बुद्धिबळात जॉर्जिया म्हणजे मोठं घराणं. नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोघींनी मिळून 1962 ते 1991 अशी सलग जवळपास तीन दशकं जगज्जेतेपद त्या एका छोट्या देशात ठेवलं. स्पर्धा दुसरीकडे हलवा, अशी मागणी झाली. फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना, हिने ती मानली नाही. मग चिबुर्दानिद्झेसह अनेक जॉर्जियन खेळाडू आल्याच नाहीत, इतर देशांतल्याही काहीजणी फिरकल्या नाहीत, आणि 64 जणींच्या तक्त्यातल्या कितीतरी लढती पहिल्याच फेरीत न खेळता निकाली निघाल्या.

स्पर्धा बाद पद्धतीची. दोघींमध्ये आधी दोन क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, डाव. बरोबरी राहिली तर 25 मिनिटांचे दोन रॅपिड डाव, दर चालीला 10 सेकंद जादा. तरीही बरोबरी राहिली तर 5 मिनिटांचे दोन ब्लिट्झ, तिथेही 10 सेकंद जादा. आणि तरीही कोंडी फुटली नाही तर एकच शेवटचा डाव, ज्याला सगळे आर्मागेडन म्हणतात. सोचको आणि फॉइशोर यांची पहिल्याच फेरीतली लढत या शेवटच्या पायरीपर्यंत येऊन ठेपली.

दोघींच्या अनुभवात चांगलंच अंतर होतं. सोचको तिशीतली, आणि त्याच वर्षी तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला. पोलंडमध्ये हा किताब मिळवणारी ती पहिली महिला. नवराही ग्रँडमास्टर. फॉइशोर एकोणीस वर्षांची, पण बुद्धिबळ तिच्या घरातच होतं: आई क्रिस्तिना अडेला फॉइशोर रोमानियाची अनेकदा राष्ट्रीय विजेती, वडील ओव्हिदियू प्रशिक्षक. पुढे ती शिकायला अमेरिकेत गेली आणि 2017 मध्ये अमेरिकेची महिला विजेती झाली. त्याच वर्षी जानेवारीत आई वारली होती. त्या स्पर्धेतल्या शेवटच्या फेरीत अपूर्वा वीरकुडविरुद्धचा तिचा हल्ला ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर शोधून बघावा. नालचिकच्या चार मोहऱ्यांपेक्षा ती खेळाडू म्हणून कितीतरी मोठी आहे, आणि तिचं नाव निघालं की लोकांना फक्त हेच प्रकरण आठवावं हे काही बरोबर नाही. पण इथे विषय तोच आहे.

आर्मागेडनमध्ये बरोबरी नसते

आर्मागेडनचा हिशोब असा: पांढऱ्या बाजूला 6 मिनिटं, काळ्या बाजूला 5. पांढरीकडे एक मिनिट जास्त आणि पहिली चाल. त्याच्या बदल्यात काळीला एक मोठी सवलत: डाव बरोबरीत सुटला तरी लढत काळीची. म्हणजे या डावात कागदावर बरोबरी असते, प्रत्यक्षात नसते. पांढरीला जिंकायलाच हवं. काळीला फक्त हरायचं नाही.

जादा सेकंद नाहीत. क्लासिकल, रॅपिड, अगदी ब्लिट्झमध्येही दर चालीनंतर घड्याळात थोडी भर पडत होती. इथे ती बंद. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. मोहरा उचलणं, ठेवणं, घड्याळाचं बटण दाबणं, सगळं त्यातच. त्यामुळे आर्मागेडनचा उत्तरार्ध बुद्धिबळापेक्षा हातांच्या चपळाईचा होतो. हे ज्याने कधी खेळून पाहिलं असेल त्याला ठाऊक आहे की शेवटच्या वीस सेकंदांत आपण चाली शोधत नसतो. समोरच्याच्या घड्याळाकडे बघत कुठेतरी काहीतरी सुरक्षित ठेवत असतो.

अशा अवस्थेत दोन राजे आणि दोन घोडे उरले, आणि फॉइशोरचा वेळ संपला.

पंचांनी डाव बरोबरीत दिला. म्हणजेच फॉइशोर पुढच्या फेरीत. सोचकोने हे मान्य केलं नाही. तिने अपील केलं. तिचं म्हणणं एका वाक्यात बसणारं होतं: या स्थितीतून मात लादता येत नसली तरी मात होऊ शकते, म्हणून वेळ संपलेली बाजू हरते. अपील मान्य झालं आणि सोचको दुसऱ्या फेरीत गेली.

लादता येणं आणि होऊ शकणं

पंचांची चूक समजण्यासारखी आहे, आणि ती नेमकी कुठे झाली हे बघण्यासारखं आहे. घोड्याविरुद्ध घोडा, प्यादं नाही, अशी स्थिती कुठल्याही स्पर्धेत आली की खेळाडू हात मिळवतात. पुस्तकं तिला बरोबरी म्हणतात, संगणकही म्हणतो. हे सगळं खरं आहे. पण ही सगळी मतं एकच गोष्ट गृहीत धरतात, की दोन्ही बाजू शहाण्यासारख्या खेळणार. वेळ संपल्यानंतरचा नियम हे गृहीत धरत नाही.

फिडेच्या सध्याच्या नियमावलीत हे कलम 6.9. त्याचा आशय असा: ठरलेल्या वेळात चाली पूर्ण न करणारा खेळाडू हरतो, अपवाद एकच, की पटावरची स्थितीच अशी असावी की कायदेशीर चालींच्या कुठल्याही क्रमाने प्रतिस्पर्ध्याला त्याच्या राजावर मात करता येणार नाही. 2008 मध्येही कसोटी हीच होती. 'कुठल्याही क्रमाने' या दोन शब्दांवर सगळं उभं आहे. चांगल्या चालींचा क्रम नव्हे, बरोबर चालींचा नव्हे; कायदेशीर असला की पुरे. मेलेल्या स्थितीबद्दलच्या, म्हणजे जिथून मात होऊच शकत नाही अशा स्थितीबद्दलच्या, जुन्या कलमात तर अगदी अकुशल खेळ झाला तरी मात अशक्य असली पाहिजे, असं स्पष्टच लिहिलेलं होतं.

आता पटावर मांडून बघा (ए ते एच या उभ्या रांगा, 1 ते 8 आडव्या). काळा राजा ए8 वर, म्हणजे कोपऱ्यात. काळा घोडा सी6 वर. पांढरा राजा बी6 वर, पांढरा घोडा डी5 वर. चाल काळ्याची. शहाणा माणूस घोडा हवा तिथे उडवेल किंवा राजा बी8 वर सरकवेल, आणि काही होणार नाही. पण समजा काळ्याने घोडा सी6 वरून उचलून बी8 वर, आपल्याच राजाशेजारी आणून ठेवला. आता पांढरा घोडा सी7 वर येतो आणि शह देतो. राजाला जायला तीनच घरं: ए7, बी7 आणि बी8. पहिली दोन पांढऱ्या राजाच्या माऱ्यात. तिसऱ्यावर स्वतःचाच घोडा बसलेला. शह देणारा घोडा मारावा, तर बी8 वरचा काळा घोडा ए6, सी6 किंवा डी7 लाच जाऊ शकतो, सी7 ला पोचत नाही. मात.

ही चाल कुणी ग्रँडमास्टर करेल का? नाही. शाळेतलं पोरही दहातल्या नऊ वेळा करणार नाही. पण ती कायदेशीर आहे, आणि नियमाला तेवढंच हवं आहे.

याच पटावरून काळा घोडा उचलून बाजूला ठेवा. आता ए8 वर एकटा राजा, समोर राजा आणि घोडा. पांढऱ्याने सी7 वरून शह दिला की राजा निवांत बी8 वर जातो, कारण तिथे अडवायला आता कुणी नाही. एकट्या राजावर एका घोड्याने मात कधीच होत नाही. दोघांनी ठरवून मदत केली तरी होत नाही. त्यामुळे ही स्थिती नियमानुसार मेलेली. ती पटावर येताक्षणी डाव तिथेच संपतो, बरोबरीत. मग घड्याळात काहीही उरलेलं असो.

फॉइशोरकडे घोडा नसता, तर ती पुढच्या फेरीत असती. तिच्या राजाशेजारी अडून बसू शकणारा एकमेव मोहरा तिचा स्वतःचा होता, आणि पांढऱ्याला मात करण्याची शक्यता मिळाली ती त्याच्यामुळे. बुद्धिबळात 'एक मोहरा जास्त' हे आपण आयुष्यभर चांगलं मानत आलो; इथे तो गळ्यात धोंड बांधल्यासारखा झाला.

याच तर्काने थोडं पुढे गेलं तर आणखी गंमत दिसते. पांढऱ्याकडे एकच घोडा, आणि वेळ संपलेल्या काळ्याकडे हत्ती असेल तर? मात शक्य आहे. काळा राजा ए8, हत्ती ए7. पांढरा राजा सी8, घोडा बी6. बी7 आणि बी8 पांढऱ्या राजाने धरलेली, ए7 स्वतःच्या हत्तीने अडवलेलं, आणि ए7 वरून हत्ती बी6 पर्यंत पोचत नाही. म्हणजे काळ्याची हार. उंट असेल तरी हार, प्यादं असेल तरी हार. पण काळ्याकडे फक्त वजीर असेल तर मात्र बरोबरी! कारण राजाशेजारी अडकून बसलेला वजीर शह देणाऱ्या घोड्याला कुठूनही मारतोच. मात होण्याचं चित्र जुळतच नाही. म्हणजे सोचकोच्या घोड्यासमोर फॉइशोरकडे घोड्याऐवजी वजीर असता आणि वेळ संपला असता, तर डाव नियमाप्रमाणे बरोबरीत सुटला असता. ऐकायला विचित्र वाटतं, पण कलमात कुठेही गडबड नाही.

त्या सेकंदांत काय करता आलं असतं

हे प्रकरण शिकवताना बरेच प्रशिक्षक म्हणतात, 'सोपं आहे, घोडा देऊन टाकायचा.' तितकं सोपं नाही. घोडा पांढऱ्या राजाच्या तोंडाशी नेऊन ठेवला, तरी तो मारलाच पाहिजे अशी सक्ती नसते. नियम माहीत असलेली पांढरी त्या घोड्याला हातही लावणार नाही. या स्थितीत सोचकोला स्वतःचा घोडा तर सांभाळायचा होताच, पण फॉइशोरचाही सांभाळायचा होता. काळा घोडा मेला की तिचा डावही मेला. बुद्धिबळात असे प्रसंग फार थोडे, जिथे समोरचा मोहरा फुकट मिळत असताना तो घेणं हीच घोडचूक ठरते.

तरी काळीने देऊ करत राहायला हवं, हे खरं. एक तर हाताला सवय असते. सेकंद मोजत खेळताना फुकटचा घोडा दिसला की दहातले निम्मे खेळाडू तो उचलतात आणि मग कपाळावर हात मारतात. दुसरं, प्रत्येक नकाराला पांढरीला वेगळी चाल शोधावी लागते, आणि तिचंही घड्याळ चालूच असतं. तिसरा उपाय पांढऱ्या घोड्याच्या मागे लागण्याचा. तो मिळाला किंवा घोड्यांची अदलाबदल झाली तर प्रश्नच मिटला.

पण खरी वेळ याच्या आधीची. पांढऱ्याकडे घोडा आणि शेवटचं एक प्यादं, काळ्याकडे घोडा, अशी स्थिती पटावर आली की काळ्याने ते प्यादं घोड्यानेच मारावं आणि मागून घोडा जात असेल तर खुशाल जाऊ द्यावा. उरतो एकटा राजा, आणि डाव त्या क्षणी संपतो. आपल्याला मात्र लहानपणापासून शिकवलेलं असतं की मोहरा वाचवत प्यादं मारा. क्लासिकल डावात ते योग्यच. आर्मागेडनमध्ये तेच शहाणपण काळ्याला बुडवू शकतं.

पन्नास चालींत एकही मोहरा मारला नाही किंवा प्यादं हललं नाही तर बरोबरी, असा पन्नास चालींचा नियम होता ना, असं कुणी विचारेल. होता. पण तो आपोआप लागू होत नाही. खेळाडूने मागावा लागतो, आणि चाली मोजलेल्या असाव्या लागतात. ब्लिट्झमध्ये चाली लिहायच्या नसतात, मग मोजणार कोण? पंचांनी स्वतःहून डाव थांबवावा असा 75 चालींचा नियम 2014 मध्ये आला. क्लासिकल डावात त्या काळी आणखी एक सोय होती: दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरला आणि समोरचा जिंकण्याचा खरा प्रयत्नच करत नसला, किंवा नेहमीच्या मार्गाने जिंकणं शक्यच नसलं, तर घड्याळ थांबवून पंचांकडे बरोबरी मागता यायची. ब्लिट्झला ती सोय नव्हती. आणि जिथे होती तिथेही वेळ संपण्याआधी मागावी लागायची. नंतर कितीही खरं बोललं तरी उपयोग नाही.

सोचकोने असं करावं का

हा प्रश्न निघतोच, आणि बहुधा तिच्याविरुद्ध निघतो. घोड्याविरुद्ध घोडा अशा स्थितीत समोरचीचा वेळ संपायची वाट बघायची, हे खिलाडूपणाला धरून आहे का?

मला हा आक्षेप पटत नाही. आर्मागेडनमध्ये काळीला मिळणारी सवलत ही सौजन्य म्हणून दिलेली नसते. ती एका मिनिटाच्या बदल्यात दिलेली असते. काळीने बरोबरीचा फायदा घेतला, तर पांढरीने त्या एका मिनिटाचा फायदा का घेऊ नये? वेळ हा त्या सौद्याचाच भाग आहे. सोचकोने हात मिळवून बरोबरी मान्य केली असती, तर ती त्याच क्षणी स्पर्धेबाहेर गेली असती. क्लासिकल डावात अशी वाट बघत बसणं मला ओंगळ वाटतं. तिथे अर्धा गुण मिळतो आणि दोघीही उद्या पुन्हा खेळतात. इथे उद्या नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या टल्सामध्ये काय झालं तेही इथे आठवण्यासारखं आहे. अमेरिकेच्या महिला विजेतेपदासाठी इरिना क्रश आणि ॲना झाटोन्स्किख यांच्यात आर्मागेडन झालं. क्रशला पांढरे मोहरे आणि सहा मिनिटं, झाटोन्स्किखला काळे आणि साडेचार. शेवटी मोहरे पटावर आडवे पडत होते, हात घड्याळावर आदळत होते, आणि क्रशचा वेळ संपला तेव्हा झाटोन्स्किखच्या घड्याळात एकच सेकंद उरला होता. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला, आणि क्रशने नंतर जाहीर पत्र लिहून हरकत घेतली. नालचिक आणि टल्सा, दोन्हीकडे खेळाडूंच्या वागण्यावर चर्चा झडल्या. मला वाटतं, वागण्याची चर्चा करण्याआधी अशा घड्याळावर वर्षभराची कमाई ठरवणाऱ्या आयोजकांकडे बघायला हवं होतं.

दुसऱ्या देशात दुसरा निकाल

हाच डाव अमेरिकन संघटनेच्या नियमांनी खेळला गेला असता, तर फॉइशोर पुढे गेली असती. त्या नियमावलीत वेळ संपला आणि प्रतिस्पर्ध्याकडे राजासोबत फक्त एक घोडा किंवा एक उंट असला, तर त्याला सक्तीचा, म्हणजे समोरचा कसाही खेळला तरी टळणार नाही असा, विजय दाखवता आला पाहिजे; नाहीतर बरोबरी. ऑनलाइन खेळणाऱ्यांनाही हा फरक नकळत भेटतो. लिचेस ही साइट फिडेच्या वाटेने जाते: मात कशीही शक्य असली तरी वेळ संपलेला हरतो. चेस डॉट कॉमवर मात्र समोरच्याकडे राजा आणि एकच घोडा उरला असला की बरोबरी मिळते. दोन्हीकडे खेळणारी मुलं मग स्पर्धेत येऊन पंचांशी वाद घालतात, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत असतं.

अमेरिकन नियम माणसाला अधिक पटतो, हे कबूल. पण त्याची एक किंमत आहे. सक्तीचा विजय आहे की नाही हे ठरवायला पंचाला स्वतः बुद्धिबळ चांगलं यावं लागतं, आणि तेही दोन खेळाडू डोक्यावर उभे असताना. घोड्याविरुद्ध घोड्यात हे सोपं आहे. घोड्याविरुद्ध कोपऱ्यातलं प्यादं असेल तर नाही. तिथे एकटा घोडा खरोखरच सक्तीने मात करू शकेल अशा स्थिती असतात. फिडेची कसोटी निर्दयी आहे, पण तिला पंचाचं रेटिंग विचारावं लागत नाही. पटावर काय आहे ते मोजा, मात होण्याचं एक चित्र मांडता येतं का बघा, निकाल द्या. नालचिकमध्ये पंच चुकले ते त्यांनी ही सोपी कसोटी सोडून आपलं बुद्धिबळाचं ज्ञान वापरलं म्हणून.

आपल्याकडच्या रॅपिड आणि ब्लिट्झ स्पर्धांना हे लागू आहेच. फिडे रेटिंगच्या स्पर्धा फिडेच्या नियमांनी होतात, मग त्या पुण्यात असोत की सांगलीत. पण एका दिवसात उरकायच्या छोट्या स्पर्धांमध्ये अजूनही कधी कधी जादा सेकंदांशिवायचा वेळ ठेवतात, कारण फेऱ्या वेळेत संपवायच्या असतात आणि घड्याळं जशी मिळतील तशी आणलेली असतात. तिथे घोड्याविरुद्ध घोडा, विरुद्ध रंगाच्या घरांवरचे उंट, अशा स्थिती रोज येतात. उंटांचंही तेच: विरुद्ध रंगाच्या घरांवरचे असतील तर मात शक्य, म्हणून वेळ संपलेला हरतो; दोन्ही उंट एकाच रंगाच्या घरांवर असतील तर डाव आधीच मेलेला. पंचाने हे पहिल्या फेरीआधी दोन मिनिटं काढून सांगितलं, तर संध्याकाळची पालकांची अर्धी भांडणं वाचतील.

पाच मिनिटांची सोय

नालचिकची स्पर्धा पुढे चालू राहिली. अव्वल मानांकित कोनेरू हंपी उपांत्य फेरीत चीनच्या हौ यिफानकडून हरली, आणि अंतिम लढतीत रशियाच्या अलेक्सांद्रा कोस्तेन्यूकने चौदा वर्षांच्या हौला 2.5-1.5 असं हरवून विश्वविजेतेपद घेतलं.

फिडेने आर्मागेडन लगेच टाकून दिलं नाही. पुढच्या काही बाद स्पर्धांमध्ये ते राहिलं. फक्त साठाव्या चालीनंतर दर चालीला थोडे सेकंद जादा देण्याची सोय झाली. म्हणजे फॉइशोरसारखी अवस्था आलीच तर हात तरी थरथरू नये, एवढी. आता विश्वचषकात शेवटची पायरी वेगळी आहे: 3 मिनिटं आणि दर चालीला 2 सेकंद जादा, असे एकेक डाव, कुणीतरी जिंकेपर्यंत. बरोबरी झाली तर पुढचा डाव. काळ्याला सवलत नाही, पांढऱ्याला जादा मिनिट नाही.

2025 च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली तेव्हा हीच पायरी शेवटी होती. नागपूरची दिव्या देशमुख आणि हंपी यांचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पण लढत तिथवर गेली नाही. 15 मिनिटं आणि 10 सेकंद जादा अशा रॅपिडमध्येच दिव्याने 1.5-0.5 अशी बाजी मारली आणि कुठलाही नॉर्म (किताबासाठी एखाद्या स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी) हाती नसताना थेट ग्रँडमास्टर झाली. त्या दुसऱ्या रॅपिड डावाच्या अंतिम टप्प्यात दोघींच्याही चुका झाल्या, आणि त्यावर भरपूर बोललं गेलं. पण त्या चुका पटावरच्या होत्या. दर चालीला दहा सेकंद हाताशी असताना हंपीचा पराभव घड्याळाने केला असं कुणाला म्हणता आलं नाही, आणि दिव्याच्या विजयाला कुणाला अपील समितीपर्यंत जावं लागलं नाही.

आर्मागेडन मात्र संपलेलं नाही. नॉर्वे चेसमध्ये क्लासिकल डाव बरोबरीत सुटला की लगेच तेच खेळतात, महिलांच्या गटातही. तिथे पांढऱ्याला 10 मिनिटं, काळ्याला 7, आणि 41व्या चालीपासून दर चालीला एक सेकंद जादा. घोड्याविरुद्ध घोडा बरोबरीत राखायला एक सेकंद पुरतो का, हे घरी घड्याळ लावून करून बघता येईल. माझा अंदाज, पुरतो, पण घोडा शक्यतो मधल्या घरांत आणि राजा कोपऱ्यापासून लांब ठेवला तरच.